बाईंचे सात गड

बाई कुणाचाही हात पटकन हातात घ्यायच्या. नव्या माणसाला वाटायचं, किती मायाळू म्हातारी! माया वगैरे काही नाही, त्या नाडी मोजत असायच्या. तोंडानं बोलणं चालूच, डोळे घड्याळावर, आणि मध्येच म्हणायच्या, "ब्याऐंशी. कसली एवढी काळजी लागलीय तुला?" पोस्टमनची नाडी त्यांनी मोजली होती, मीटर बघायला आलेल्या माणसाची मोजली होती, देवळातल्या भटजींची तर आरती चालू असताना मोजली होती. इंग्लंडात, लेस्टरच्या इस्पितळात तीस वर्षं त्यांनी लोकांना भूल दिली. रिटायर झाल्यावर भूल द्यायला कुणी उरलं नाही, नाडी तेवढी उरली.

मी त्यांच्या घरात वरच्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत राहायची. माझे मालक होजिअरीच्या कारखान्यात होते. ते वारल्यावर मी एकटी पडले. देवळातल्या एकीनं मला बाईंच्या दारात नेऊन उभं केलं. बाईंनी दार उघडलं, माझा हात धरला आणि म्हणाल्या, "एकशे चार. घाबरू नकोस. स्वयंपाक येतो?"

मी मान हलवली.

"बोलता येतं?"

मी पुन्हा मान हलवली.

"म्हणजे येत नाही. चालेल. दोघींचं मी बोलेन."

आणि खरंच, सात वर्षं त्या दोघींचं बोलल्या.

त्यांचं सगळं गडावरचं असायचं. पुण्यात डॉक्टरकी शिकताना दर रविवारी त्या गडावर जायच्या. त्या काळात मुली जात नसत. या साडी खोचून, पायात कॅनव्हासचे बूट घालून जायच्या, आणि लेस्टरमध्येही तसेच बूट आणि तशीच खोचलेली साडी, वरून कार्डिगन. खिशात गूळ आणि शेंगदाणे. बेलग्रेव्ह रोडवर भाजीला निघाल्या तरी खिसा चाचपून बघायच्या. "शिदोरी नसेल तर गडी अर्ध्यात बसतो," म्हणायच्या. भाजीचं दुकान घरापासून पाच मिनिटांवर होतं.

गडाचा पहिला नियम, पोचल्या पोचल्या विचारायचं, पाणी कुठे? देव नंतर, जेवण नंतर, नजारा तर सगळ्यात शेवटी. "पाणी नसेल तर तो गड नाही, नुसता दगड," असं त्यांचं म्हणणं. हा नियम त्या सगळीकडे लावायच्या. एकदा एका मराठी डॉक्टरांच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला गेलो. दारातच बाईंनी विचारलं, "पाण्याचं काय?" त्या घरची सून बिचारी धावत ग्लास घेऊन आली. "प्यायला नको गं. मुख्य कॉक कुठे आहे घराचा?" मग सुनेनं सिंकखालचं कपाट उघडलं, बाईंनी वाकून कॉक बघितला, फिरवून बघितला, वर न्हाणीघरात कुणीतरी ओरडलं की नळ बंद पडला. "गड चांगला आहे," बाई म्हणाल्या आणि मग जेवायला बसल्या.

स्वयंपाकघरात एक कॅलेंडर होतं, वीस वर्षांपूर्वीचं. ऑपरेशन थिएटरमधल्या एका इटालियन सिस्टरनं दिलेलं. तिचं गाव इटलीच्या मधल्या भागात, उंब्रियात, समुद्र नसलेल्या मुलखात. प्रत्येक महिन्याला एक डोंगर आणि डोंगराच्या डोक्यावर एक गाव, तटबंदी, दरवाजा, मनोरा. बाई आणि ती सिस्टर ऑपरेशन चालू असताना भांडायच्या म्हणे, तुमचे गड भारी की आमचे. सिस्टर परत गेली, पण कॅलेंडर राहिलं. बाई दर महिन्याच्या एक तारखेला नेमानं पान उलटायच्या. वार चुकीचे, सण भलतेच, पण गड बरोबर. मी भाकरी थापताना समोर तेच. मला बारा गावं पाठ झाली होती, नावं वाचता येत नव्हती एवढंच.

मग एका मार्चमध्ये बाई जिन्यावरून पडल्या. हाड मोडलं नाही, पण कपाळाला टाके पडले. ब्रॅकनेलहून त्यांचा भाचा आला. कॉम्प्युटरमधला मोठा माणूस, स्वभावानं गरीब, पण सारखा घाईत. त्यानं टेबलावर रंगीत कागद पसरले. हिरवळ, खुर्च्या, खुर्च्यांत हसणाऱ्या म्हाताऱ्या.

"आत्या, प्लीज ऐक. हे केअर होम बघून आलोय मी. ग्राउंड फ्लोअरला रूम आहे. गार्डन आहे. जिना नाही."

"आणि हे घर?"

"विकायचं. तुला आता हे जिने झेपत नाहीत, आत्या. आपले डॉक्टरपण तेच म्हणाले."

"माझे पाय चालतात की नाही, हे तू कुठल्या मशीनवर बघितलंस?"

"तू पडलीस!"

"गडावर पण पडायचे. कुणी गड विकला नाही."

मी पोळी लाटत होते. घर विकलं तर माझी खोलीही गेली, हे मला कळत होतं. पण मध्ये कसं बोलायचं? लाटणं तेवढं हळू फिरवत राहिले.

बाई उठल्या, भिंतीवरून कॅलेंडर काढलं आणि त्या रंगीत कागदांवर आपटलं. "यातले सात गड मी चढणार. माझ्या पायांनी. दहा दिवसांत. सातही चढले तर मी या घरात राहणार आणि तू पुन्हा गार्डनचं नाव काढायचं नाहीस. एक जरी राहिला, तर मी माझ्या हातानं बॅग भरते."

भाचा हसायला लागला. मग त्याच्या लक्षात आलं की आत्या हसत नाहीये.

"एकटीच जाणार?"

"ही येईल."

लाटणं थांबलं.

"आणि चढलीस की नाही, मला कसं कळणार?"

"ही लिहून आणेल. ही कधी खोटं बोलत नाही. ही बोलतच नाही."

बाईंनी मला एक निळी वही दिली. "चौथी झालीयेस ना? जोडाक्षरं येतात? मग झालं. गडाचं नाव, पाणी कुठे, नाडी किती. बाकी पाल्हाळ नको."

भाच्यानं तिकिटं काढून दिली, एक मोबाईल दिला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "काकू, तुमच्यावर आहे हं." मला त्या रात्रभर झोप नाही.

पण जूनच्या शेवटी त्या मुलखात उतरलो आणि काय सांगू! गाडीच्या खिडकीतून बघावं तर कॅलेंडरची पानंच एकामागून एक पळत होती. टेकडी, टेकडीवर गाव, खाली ऑलिव्हची झाडं चांदीच्या भांड्यांसारखी चमकत होती. मी वीस वर्षं लेस्टरमध्ये काढली, पण माझ्या डोळ्यांना एवढं काम कधी पडलं नव्हतं. बाई तर डब्यात उभ्याच. "तो बघ बुरूज! ती बघ माची! अगं, डावीकडे बघ!" समोरचा इटालियन म्हातारा त्यांच्याबरोबर डावीकडे बघायचा. बाई त्याच्याशी मराठीत बोलल्या, तो त्याच्या भाषेत बोलला, उतरताना दोघांनी एकमेकांना नमस्कार केला. "फार समजूतदार माणूस," बाई म्हणाल्या. "नाडी अडुसष्ट."

पहिला गड स्पेल्लो. स्टेशनातून चालत गेलं की दगडी वेस, वेशीवर तीन दगडी पुतळे, आत अरुंद बोळ आणि बोळाच्या दोन्ही भिंतींवर कुंड्याच कुंड्या. बाईंनी वेशीच्या दगडाला हात लावला. "महादरवाजा! मुजरा कर!" तेवढ्यात आतून लग्नाचं वऱ्हाड आलं. नवरी, फोटोवाले, झुळझुळीत कपड्यांतल्या बायका, सगळे आमच्या साड्यांकडे बघून हसून हात हलवायला लागले. एवढ्या माणसांतून मी कशी जाणार? मी वेशीबाहेरच्या दगडावर बसले ती उठेनाच.

बाई रागावल्या नाहीत. एकट्या वर गेल्या. तासाभरानं लालबुंद होऊन आल्या, हातात कुणीतरी दिलेलं जिरॅनियमचं फूल. "घेतला गड! वर पाणी आहे. लिही, दोघींनी घेतला."

"पण मी तर खाली बसले होते," मी म्हटलं.

"मग खालचा पहारा कुणी दिला? गड एकानं घेतला तरी तो सगळ्यांचा असतो. वर गेलेला तेवढा शहाणा आणि वेशीवर थांबलेला वेडा, असं कुठल्या फौजेत असतं? लिही."

मी लिहिलं, पण मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी असिसीला मी त्यांच्या मागून शेवटपर्यंत चढले.

तिसरा पेरुजा. तिथं मोठी गंमत झाली. त्या गावाला वर जायला किल्ल्याच्या पोटातून सरकते जिने केलेत. जमिनीखाली जुने बोळ, जुन्या घरांच्या भिंती, आणि त्यातून लोक नुसते उभे राहून वर चाललेत. बाईंनी कमरेवर हात ठेवले. "गडाला लिफ्ट! मग शत्रूलाही चहा द्या म्हणावं." मला म्हणाल्या, "तू सामान घेऊन यावर उभी राहा. मी रस्त्यानं येते." मी वर जाऊन अर्धा तास उभी. आल्या त्या धापा टाकत, पण नजर विजयी. वर चौकात कारंजं होतं, दगडाचं, मोठं. बाईंनी त्याला प्रदक्षिणा घातली.

चौथा ओर्विएतो, आणि तिथली विहीर मी मरेपर्यंत विसरणार नाही. खडकात खोल खोल उतरत गेलेली, आणि तिला दोन गोल जिने, एकमेकांभोवती वेढे घेत गेलेले. एकानं उतरायचं, तळाशी लहानसा पूल ओलांडायचा आणि दुसऱ्यानं वर यायचं. पाण्याला जाणारी गाढवं एकमेकांना कधीच आडवी येऊ नयेत म्हणून असं केलेलं. मी हळूहळू उतरत होते. भिंतीला खिडक्या होत्या, त्यातून मधल्या पोकळीत बघता यायचं. बघते तर समोरच्या खिडकीत बाई! त्या तळ गाठून चढायलाही लागल्या होत्या. त्यांनी हात वर केला आणि ओरडल्या, "पाणी!" सगळी विहीर घुमली. पाणी, पाणी, पाणी. वरून, खालून, सगळीकडून बाईच. मी इतकी हसले की पायरीवर बसावं लागलं. वर आल्यावर त्यांनी माझा हात धरला. "एकशे दहा. ही भीतीची नाही. ही चांगली आहे. लिही."

मग तोदी झाला, स्पोलेतो झाला. सहा गड झाले, चार दिवस हातात होते. रोज संध्याकाळी भाच्याचा फोन. "काकू, किती?" मी आकडा सांगायची आणि फोन बाईंना द्यायची. सहावर तो म्हणाला, "बाप रे!"

एक दिवस मोकळा, म्हणून आम्ही मार्मोरेचा धबधबा बघायला गेलो. जाऊन बघतो तर कोरडा कडा. काळे ओले दगड आणि एक बारीक धार. तिकिटाच्या खिडकीतल्या माणसानं घड्याळाकडे बोट दाखवलं. तिथं पाणी वीज करायला वळवतात आणि ठरल्या वेळेलाच सोडतात.

"धबधब्याला जेवणाची सुट्टी?" बाईंनी त्याला मराठीत झापलं. तो हसला. आम्ही बाकावर बसून गूळ-शेंगदाणे खाल्ले. एकदम भोंगा वाजला. आधी काही नाही, मग वरून एक पांढरी रेघ, मग रेघेचा पडदा, आणि मग अख्खा डोंगरच सुटल्यासारखं पाणी! गर्जना, तुषार, इंद्रधनुष्य, झाडं वाऱ्यानं वाकलेली. मी ओरडले. मी, जी नवऱ्याला दारातून हाक मारायला लाजायची, ती जोरात ओरडले, "आला गं बाई, आला!" बाई टाळ्या वाजवत होत्या. "असंच असतं! भूल उतरल्यावर पेशंट असाच परत येतो. आधी काही नाही, मग एक बोट हलतं, मग सगळा माणूस!" चिंब भिजून आम्ही वाट उतरलो. तिथं एका ओल्या पायरीवर बाईंचा गुडघा मुरगळला. मग खाली येईपर्यंत एकदाही त्यांनी माझी नाडी बघितली नाही, तेव्हाच मला कळलं, हे दुखणं साधं नाही.

सातवा गड कास्तेल्लुच्चो. सगळ्यात उंच, कॅलेंडरवरचं जुलैचं पान. नोर्चा गावातून टॅक्सी केली. वळणावळणानं वर गेलो, खिंड ओलांडली आणि समोर जे आलं ते बघून ड्रायव्हरनं आपणहून गाडी थांबवली. चहूबाजूंनी डोंगर, मध्ये सपाट मैदान, आणि त्यावर लाल, निळे, पिवळे, जांभळे पट्टे, क्षितिजापर्यंत. खसखशीची लाल फुलं, निळी फुलं, मोहरीसारखी पिवळी. पलीकडे एक टेकाड आणि त्यावर तो गड, चिमुकला.

मी गाडीतून उतरून पट्ट्याच्या कडेला वाकले. फुलांच्या खाली बारीक पानांचं रोप होतं, त्याला चपट्या शेंगा. मी एक शेंग दाबली.

"बाई, हा मसूर आहे!"

"काय?"

"मसूर! अख्खा मसूर! आमच्या कऱ्हाडकडचा! ही फुलं म्हणजे तण आहे बाई. आमच्या सासऱ्यांनी असं शेत बघितलं असतं तर आम्हाला घरातून हाकललं असतं. आणि इथं लोक तण बघायला विमानानं येतात!"

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "किती बोलतेस गं तू!"

पण गाडीतून उतरताना त्यांनी दाराला दोन्ही हातांनी धरलं होतं. टेकाडाच्या पायथ्याशी गाडी थांबवायला लावली. रस्ता वरपर्यंत जात होता. ड्रायव्हरनं खुणेनं सांगितलं, बसा, वर सोडतो. "गाडीनं घेतलेला गड मोजत नाहीत," बाई म्हणाल्या आणि पायवाटेला लागल्या. वीस पावलं गेल्या. तीस. मग एका दगडावर बसल्या. गुडघा साडीवरूनही सुजलेला दिसत होता. पुन्हा उठल्या, पुन्हा बसल्या. तिसऱ्यांदा उठता आलं नाही.

मग म्हणाल्या, "वही काढ. लिही, सहा."

मी वही काढली नाही.

"लिही म्हणते ना. खोटं नको. मी शब्द दिलाय. घरी गेल्यावर बॅग भरायची."

त्यांनी स्वतःच्याच मनगटावर बोटं ठेवली होती आणि त्या मोजत नव्हत्या. तेवढं मला बघवेना.

"बाई," मी म्हटलं, "तुम्ही पहारा द्या."

"काय?"

"खालचा पहारा. मी वर जाऊन येते." त्यांच्या खिशातला गूळ मी काढून घेतला, त्यांची रिकामी बाटली घेतली आणि निघाले. मागं वळून बघितलं नाही. परका मुलूख, परकी माणसं, आणि मी एकटी. पण पाय चालत होते. वारा इतका की पदर झेंड्यासारखा फडफडत होता, आणि खाली ते रंगीत मैदान उलगडतच चाललेलं!

वर दगडी घरं, मेंढ्यांचा वास, दहा-बारा फिरायला आलेली माणसं. एका दारात काळ्या कपड्यांतली म्हातारी मांडीवर ताट घेऊन मसूर निवडत होती. मला विचारायचं होतं, पाणी कुठे? भाषा कुठली येणार? मी तिच्या शेजारी पायरीवर बसले आणि ताटातले खडे काढायला लागले. तिनं माझ्या बोटांकडे बघितलं. मग ताट दोघींच्या मध्ये सरकवलं. ताट होईपर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही. मग मी रिकामी बाटली दाखवली. तिनं उठून मला घरामागं नेलं. दगडी कुंडी, त्यात सतत पडणारी धार, बर्फासारखी. निघताना तिनं कागदात बांधून दोन मुठी मसूर माझ्या हातात कोंबला.

मी धावतच उतरले. बाई दगडावर तशाच ताठ बसल्या होत्या, खरंच पहाऱ्यावर असल्यासारख्या. त्यांच्या शेजारी ड्रायव्हर बसला होता आणि त्याचा हात बाईंच्या हातात होता.

"पाणी आहे," मी म्हटलं आणि बाटली पुढं केली.

त्या घटाघटा प्याल्या. माझं मनगट धरलं. खूप वेळ मोजलं. "एकशे तीस," म्हणाल्या. "वेडी कुठली." आणि डोळे पुसले.

लेस्टरला भाचा आमची वाट बघत होता. स्वयंपाकघरातच त्यानं वही मागितली. बाई खुर्चीत, पाय स्टुलावर, गुडघ्याला पट्टी. ते रंगीत कागद अजून टेबलावर होते. तो एकेक पान मोठ्यानं वाचत गेला. सातव्या पानावर थांबला. मी लिहिलं होतं, 'गड सातवा. बाई तीस पावलं चढल्या, मग खाली पहाऱ्याला बसल्या. मी वर गेले. पाणी आहे, गार. नाडी एकशे तीस, माझी. गड घेतला.'

"आत्या," तो हळू म्हणाला, "म्हणजे हा तू नाही चढलीस."

"नाही," बाई म्हणाल्या. "खरं तेच लिहिलंय तिनं. माळ्यावरची बॅग काढ."

माझ्या हातात पोळपाट होतं. ते मी खाली ठेवलं.

"गड एकानं घेतला तरी सगळ्यांचा असतो," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "पहिल्या गडाला मी खाली होते. तो दोघींचा धरला. मग हा पण दोघींचा. आणि घरचा जिना बाईंना जमला नाही तर मी आहे. मी कुठं जात नाही."

भाच्यानं मला सात वर्षांत 'काकू, किती?' याच्या पलीकडं फारसं काही विचारलं नव्हतं. मग तो बाईंकडे वळला. "आत्या, ह्या बोलतात?"

"मसुराबद्दल विचार, थांबायची नाही," बाई म्हणाल्या.

त्यानं वही मिटली. मग ते रंगीत कागद गोळा केले, हिरवळ, खुर्च्या, हसणाऱ्या म्हाताऱ्या, आणि स्वतःच्या बॅगेत घातले. "जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा लावून घेणार मी," तो म्हणाला. "त्याला नाही म्हणायचं नाही."

त्या दिवशी मी तो मसूर केला. साध्या मसुरापेक्षा बारीक आणि न भिजवता शिजणारा. भाच्यानं तीन वेळा वाढून घेतला.

बाई त्या घरात आणखी चार वर्षं राहिल्या. जिन्याला त्यांनी आठवा गड म्हणायला सुरुवात केली. दुपारी जेवून पडायला वर निघाल्या की पहिल्या पायरीवर थांबून ओरडायच्या, "वर पाणी आहे का?" मी आधीच वर जाऊन तांब्या भरून ठेवलेला असायचा. "आहे!" मी तेवढ्याच जोरात ओरडायची. मग त्या चढायच्या, दोन्ही कठडे धरून, तेरा पायऱ्या.

शेवटच्या हिवाळ्यात त्यांचा पलंग खालच्या खोलीत आणला. पहिल्याच दुपारी त्यांनी खोलीतून हाक दिली, "वर पाणी आहे का?"

मी हातातलं काम टाकून जिना चढले, वरून तांब्या घेऊन खाली आले आणि त्यांच्या ओठाला लावला.

"आहे," मी म्हटलं.

त्यांनी घोट घेतला आणि माझं मनगट धरलं. "लिही," म्हणाल्या. "दोघींनी घेतला."

निळ्या वहीत पुढची पानं कोरी होती. त्यांवरच हे सगळं लिहितेय.